राजांसाठी बनलेली, राजांनी न घेतलेली गाडी

दोन महायुद्धांमधला युरोप शाळेत शिकवताना आम्ही शिक्षक ठरलेल्या वाटेने जातो. व्हर्सायचा तह, 1929 ची मंदी, हिटलरचा उदय, दुसरं महायुद्ध. मुलं तारखा पाठ करतात आणि विसरतात. मला मात्र या सगळ्या काळाची गोष्ट एका मोटारगाडीत सापडते. तिचं नाव बुगाटी रोयाल. रोयाल म्हणजे शाही. आपल्याकडे बिर्याणीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळंच शाही असतं, पण ही गाडी खरोखरच राजेलोकांसाठी काढलेली होती.

ती काढणारे एत्तोरे बुगाटी 1881 मध्ये इटलीतल्या मिलानला जन्मले. कारखाना त्यांनी 1909 मध्ये अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी सुरू केला. अल्सास तेव्हा जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. म्हणजे जी गाडी आज फ्रान्सची शान मानली जाते, ती एका इटालियन कारागिराने सरहद्दीवरच्या गावात बनवली. माणूस मूळचा कुठला, यावरून त्याच्या कामाची किंमत करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

रोयालचा पहिला नमुना 1926 मध्ये तयार झाला. लांबी सहा मीटरहून जास्त, वजन तीन टनांच्या घरात, इंजिन पावणेतेरा लिटरचं. तुलनेसाठी सांगतो, आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाडीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं. त्या काळी अशा गाड्या पूर्ण बनवून विकत नसत. गिऱ्हाईक चॅसी आणि इंजिन घ्यायचं आणि कापड शिंप्याकडे न्यावं तसं बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायचं. रोयालच्या नुसत्या चॅसीची किंमत सुमारे पाच लाख फ्रँक होती.

गाडीच्या नाकावर, रेडिएटरच्या झाकणावर, सोंड उंचावलेला छोटा हत्ती होता. तो एत्तोरेंचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट याने घडवलेला. रेम्ब्रांट शिल्पकार होता. अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात तासन् तास बसून तो जनावरांची शिल्पं करायचा. महायुद्धाच्या काळात 1916 मध्ये त्याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. भावाची आठवण म्हणून एत्तोरेंनी तो हत्ती आपल्या सर्वांत मोठ्या गाडीवर बसवला. पुढे ती गाडीच पांढरा हत्ती ठरली, हा नशिबाचा भाग.

बेत 25 गाड्यांचा होता. पण 1929 मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी जगभर पसरली. स्पेनचे राजे तेरावे अल्फान्सो ही गाडी घेणार अशी चर्चा होती. 1931 मध्ये त्यांनाच देश सोडावा लागला. अल्बानियाचा राजा झोग याला जेवणाच्या टेबलावर नीट वागता येत नाही म्हणून बुगाटींनी गाडी नाकारली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, एकाही राजाने रोयाल विकत घेतली नाही, हे खरं. गिऱ्हाइकं मिळाली फक्त तीन: एक फ्रेंच कापड कारखानदार, एक जर्मन डॉक्टर आणि एक इंग्रज कॅप्टन. कारखानदार आर्मां एस्देर यांनी तर हेडलाइट नसलेली गाडी बनवून घेतली, कारण ते रात्री गाडी चालवत नसत.

मग त्या अवाढव्य इंजिनांचं काय करायचं? बुगाटींनी ती रेल्वेला दिली. 1933 पासून रोयालची इंजिनं बसवलेल्या रेल्वेमोटारी फ्रान्समध्ये धावू लागल्या. काहींत चार, काहींत दोन इंजिनं. 1934 मध्ये त्यातल्या एकीने ताशी 192 किलोमीटरचा विक्रम केला. अशा ऐंशीहून अधिक रेल्वेमोटारी बनल्या आणि मंदीत कारखाना त्यांच्यावर तगला. बादशहासाठी घडवलेलं इंजिन तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशांच्या कामी आलं. माझ्या मते रोयालच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे.

पुढचं पान कडू आहे. 1936 मध्ये फ्रान्सभर संप झाले आणि मोल्सहाइमचे कामगारही संपावर गेले. एत्तोरे स्वतःला कामगारांचे पालक समजत. संप त्यांच्या मनाला लागला आणि ते पॅरिसला निघून गेले. मालक दिलदार असला तरी दिलदारी म्हणजे हक्क नव्हे, हे त्यांना पटलं नाही. 1939 मध्ये गाडीची चाचणी घेताना मुलगा झां मरण पावला. 1947 मध्ये एत्तोरेही गेले.

गाड्यांचे हालही कमी नव्हते. जर्मन डॉक्टरची रोयाल शांघायमार्गे अमेरिकेत पोचली आणि न्यूयॉर्कमध्ये भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडली. घरच्या तीन गाड्या युद्धकाळात नाझींच्या हाती लागू नयेत म्हणून भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन 1950 मध्ये एका अमेरिकन शौकिनाला विकल्या; किमतीत दोन फ्रीजही होते, असं सांगतात. त्यातलीच एक 1987 मध्ये लंडनच्या लिलावात 55 लाख पौंडांना गेली.

आज सहा रोयाल शिल्लक आहेत. त्यातल्या दोन अल्सासमधल्याच म्युलूझ शहरात आहेत आणि त्या तिथे का आहेत हे मुलांना सांगायलाच हवं. श्लुम्फ बंधू तिथले लोकर गिरणीमालक. गिरण्यांच्या पैशातून त्यांनी चारशेहून अधिक जुन्या गाड्या जमवल्या आणि एका बंद गिरणीत जगापासून लपवून ठेवल्या. धंदा बुडाला, कामगार रस्त्यावर आले, मालक स्वित्झर्लंडला निघून गेले. 1977 मध्ये कामगारांनी त्या गिरणीचा ताबा घेतला. आत झगमगत्या दिव्यांखाली आपल्या घामाची दौलत रांगेत उभी असलेली त्यांनी पाहिली.

त्यांनी ती मोडली नाही. दारं उघडली, लोकांना आत बोलावलं आणि मालकाचा शौक कशातून पोसला गेला ते दाखवलं. पुढे सरकारने त्या संग्रहाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. 1982 मध्ये तिथे रीतसर संग्रहालय सुरू झालं. आपल्या मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेच हे साल. आपल्या गिरण्यांच्या जागी पुढे काय उभं राहिलं, ते मी सांगायला नको.

म्युलूझच्याच रेल्वे संग्रहालयात बुगाटीची एक रेल्वेमोटारही जपून ठेवली आहे. शाही गाडी आणि तिच्या इंजिनावर धावलेली जनतेची गाडी, दोन्ही एकाच गावात. मुलांनी दोन्ही पाहाव्यात. पहिली पाहताना कारागिरांच्या हाताला दाद द्यावी, आणि बिल कोणी भरलं हेही विचारावं.