वाइन उद्योगातल्या महिला: पदवीनंतरचं दार कोण उघडतं?

द्राक्षं वर्षातून एकदा पिकतात, त्यामुळे वाइनही वर्षातून एकदाच बनते. वीस वर्षं काम केलेल्या वाइनमेकरच्या हाताखालून साधारण वीसच हंगाम गेलेले असतात. (काही जण मधल्या काळात दक्षिण गोलार्धात जाऊन दुसरा हंगाम गाठतात, ते वेगळे.) तोडणी नेमकी कधी करायची, कोणत्या पिंपातली वाइन कशात मिसळायची, हे जाणकाराच्या शेजारी उभं राहून, चाखूनच कळतं. म्हणून या धंद्यात मेंटॉर लागतोच. अडचण अशी, की हे जाणकार बहुतेक पुरुषच होते.

मेरीअॅन ग्राफ यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातून वाइननिर्मितीचं शिक्षण पूर्ण केलं. असं करणाऱ्या त्या तिथल्या पहिल्या महिला. १९७३ मध्ये त्या सिमी वायनरीच्या वाइनमेकर झाल्या. तिथे सल्लागार होते आंद्रे चेलिश्चेफ, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाइन क्षेत्रातले गुरुजीच. झेल्मा लाँग यांना मात्र डेव्हिसमध्ये शिकत असतानाच १९७० च्या हंगामासाठी माइक गर्गिच यांनी रॉबर्ट मोंडावी वायनरीत बोलावलं. १९७९ मध्ये त्या सिमीत आल्या आणि पुढे कंपनीच्या प्रमुखही झाल्या.

दोघींकडे गुणवत्ता होतीच, पण दार उघडणारं कुणीतरी भेटलंही. सगळ्यांनाच ते भेटत नाही. सांता क्लारा विद्यापीठातल्या संशोधकांच्या पाहणीनुसार कॅलिफोर्नियात मुख्य वाइनमेकर महिला असलेल्या वायनरी २०११ मध्ये सुमारे १० टक्के होत्या, २०२० मध्ये १४ टक्के. वर्गात मुली भरपूर असूनही.

मेंटॉरच्या हातात सगळ्या किल्ल्या असल्या की काय होतं, तेही २०२० मध्ये दिसलं. ‘कोर्ट ऑफ मास्टर सॉमेलिए’ या संस्थेच्या अमेरिकी शाखेतल्या पुरुष मास्टर्सवर २१ महिलांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे लैंगिक छळाचे आरोप केले. वाइन वाढण्याच्या व्यवसायातली ही सर्वात मानाची पदवी. तिची तयारी करून घेणारे आणि परीक्षा घेणारे लोक एकाच छोट्या वर्तुळातले. त्यामुळे तक्रार करायची म्हणजे पदवीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवायची. चौकशीनंतर २०२१ मध्ये सहा सदस्यांना काढण्यात आलं.

शिकवणारा आणि निकाल देणारा वेगळा असावा, ही मागणी इथूनच येते. वरिष्ठाच्या मर्जीऐवजी संस्थेनेच मेंटॉर जोडून देणारे उपक्रम आता महिलांच्या गटांनी सुरू केले आहेत. त्यात मेंटॉर हा त्या मुलीचा साहेबही नसतो आणि परीक्षकही नसतो.