तीन गिअरची जीप आणि दुसरा ‘एम’

जुन्या जीपची टिंगल करायला लोकांना एकच मुद्दा पुरतो: हायवेवर पळत नाही. ताशी ८० च्या पुढे इंजिन ओरडू लागते आणि बाजूने साधी हॅचबॅक निघून जाते. मी याला दोष मानत नाही. हे गणित आहे, आणि त्यामागे इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप घ्या. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. इंजिन २.२ लिटर, ६० अश्वशक्ती, गिअर फक्त तीन. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे जवळपास पाच फेरे झाले की चाकाचा एक फेरा. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा गाडी ताशी ८५ च्या आसपास. आता दुसरा लिव्हर ‘लो’मध्ये टाका आणि पहिला गिअर घ्या. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पंचवीसहून अधिक फेरे लागतात. मिनिटाला १००० फेऱ्यांवर गाडी चालते ताशी ५ किलोमीटर, म्हणजे शिपायाच्या चालीने. चिखलात आणि दगडांवर तिला तारते ती हीच चाल. तीनच गिअर असल्यावर पांघरूण कुठेतरी आखूड पडणारच, ते हायवेच्या बाजूने पडले.

उर्दूतला ‘रफ्तार’ फारसीच्या ‘रफ्तन’वरून, म्हणजे जाण्यावरून आला. ‘दम’ म्हणजे श्वास, तोही फारसीच, आणि मराठीने तो केव्हाच घरचा करून घेतला. जीपपाशी रफ्तार बेताची, दम भरपूर.

ही गाडी आपल्याकडे आली ती १९४७ मध्ये, मुंबईत जुळणी होऊन. जोडणाऱ्या कंपनीची पाटी दोन वर्षांपूर्वीची, १९४५ ची: महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा तेव्हा पोलादाचा. मोहम्मद म्हणजे अलीगढला शिकलेले मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. ‘एम अँड एम’ ही अक्षरे मात्र तीच राहिली. खेड्यापाड्यांत जीपमधून फिरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी किती जणांना त्या दुसऱ्या ‘एम’ची जुनी ओळख असेल, देव जाणे. मला ती वर्गात सांगायला आवडते. फाळणी नकाशावरच झाली असे मुलांना वाटते. ती अशी पाट्यांवरही झाली.

१९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. इंजिन जेमतेम एक लिटरचे, गिअर चार, पण वजन टनाच्या आत. त्यामुळे रुतली तरी चार माणसे ढकलून काढत. हायवेची रड तीच. १९९६ च्या जिप्सी किंगला १.३ लिटरचे इंजिन आणि पाचवा गिअर मिळाला, आणि ‘लो’चा लिव्हर तसाच राहिला. त्या एका जादा गिअरने मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा आरडाओरडा बराच कमी झाला. पाठीला मात्र पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे दणके पूर्वीसारखेच बसत राहिले.