रेडिओभोवतीं भरलेली शाळा

नवें यंत्र आलें कीं विद्या आतां आपोआप घरोघर जाईल, अशी आशा प्रत्येक पिढीनें बाळगलेली आहे. छापखाना आला तेव्हां ती होती, रेडिओ आला तेव्हां होती, आणि आज खेडोपाडीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आला असतांहि तीच आहे. ती कितपत सार्थ ठरते हें तर्कानें ठरविण्यापेक्षां इतिहासाची साक्ष काढणें बरें. आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पूर्वींचें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या जिल्ह्यानें हे तिन्ही प्रयोग पाहिले आहेत.

पहिला प्रयोग छापील अक्षराचा. १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशननें नगरास आपलें ठाणें केलें, आणि १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक निघूं लागलें. त्याचा मुख्य हेतु धर्मप्रसाराचा होता, हें खरें; तथापि शास्त्रीय विषय व लोकव्यवहार यांचीहि चर्चा त्यांतून होत असे. परंतु ज्याला अक्षरओळख नाहीं त्याला छापील कागद मुकाच. म्हणून त्या काळीं खरा फरक पडला तो शाळेनें. सिंथिया फरार या बाई १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुले यांनीं ती शाळा पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. जोतीरावांना हलविलें तें कागदानें नव्हे, तर मुली शिकत आहेत या प्रत्यक्ष दर्शनानें.

दुसरा प्रयोग रेडिओचा. आणि तो अधिक विस्तारानें सांगण्याजोगा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या खानेसुमारींत, १९५१ सालीं, देशांत शंभरांतील सुमारें अठराच माणसें साक्षर आढळलीं. वाचतां न येणाऱ्या बहुजनांना शिकवावयाचें कसें, हा राज्यकर्त्यांपुढील मोठा पेंच होता. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्यास आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें, आणि कानावाटे शिकण्याची एक वाट मोकळी झाली. मात्र नुसतें ऐकविल्यानें माणूस शिकतो काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याची परीक्षा घेण्याचें युनेस्को व आकाशवाणी यांनीं ठरविलें. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालत होतीं. त्यांचा नमुना समोर होता. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणें केंद्रावरून अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम आठवड्यांतून दोन सायंकाळीं प्रसारित झाले. त्यासाठीं अहमदनगरसह पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवें निवडलीं होतीं.

या योजनेची खुबी रेडिओच्या पेटींत नव्हती, ती पेटीभोवतालच्या बैठकींत होती. प्रत्येक गांवीं सुमारें वीस जणांचें एक मंडळ. त्याला एक अध्यक्ष व एक कार्यवाह. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायतीचा कारभार, असे विषय असत. कार्यक्रम संपला कीं पेटी बंद करावयाची, आणि आपल्या गांवीं हें कितपत लागूं पडेल यावर मोकळेपणानें बोलावयाचें. चर्चेचा अहवाल व न सुटलेले प्रश्न कार्यवाहानें पुण्यास लिहून धाडावयाचे, आणि त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत ऐकावयाचीं. ऐकण्यास व बोलण्यास अक्षरओळख लागत नाहीं. त्यामुळें निरक्षर शेतकरीहि या शाळेंत पहिल्या दिवसापासून बरोबरीचा विद्यार्थी ठरत होता. शिवाय पुण्याला उत्तर द्यावें लागत होतें. एरवीं रेडिओ एकमुखी. येथें त्याला कानहि फुटले.

या प्रयोगाचें मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखालीं केलें. मंडळ असलेलीं गांवें, रेडिओ असून मंडळ नसलेलीं गांवें, आणि रेडिओच नसलेलीं गांवें, यांतील लोकांना कार्यक्रमांपूर्वीं व नंतर प्रश्न विचारून तुलना करण्यांत आली. मंडळांच्या गांवीं ज्ञानांत ठळक वाढ दिसली. इतर गांवीं ती नगण्य होती. रेडिओ असूनहि मंडळ नसलेल्या गांवांना थोडासाच लाभ झाला, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. आवाज तोच, बोलणाराहि तोच. फरक होता तो ऐकल्यावर एकत्र बसण्याचा.

या यशानें उत्तेजन मिळून १९५९ सालीं ही योजना देशभर पसरविण्यांत आली. मंडळांची संख्या हजारांनीं वाढली. परंतु संख्येबरोबर देखरेख वाढली नाहीं. कित्येक मंडळें कागदावरच राहिलीं, प्रश्न धाडणें मंदावलें, उत्तरें मागें पडलीं. पुढें ट्रान्झिस्टर स्वस्त झाला व ज्याचा त्याचा रेडिओ झाला. ऐकणें वाढलें, पण एकत्र ऐकणें ओसरलें.

तिसरा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. २००४ सालीं शेतकऱ्यांसाठीं किसान कॉल सेंटर निघालें, आणि प्रश्न विचारण्यास पत्राची गरज उरली नाहीं. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां धडे मोबाइलवरून धाडण्यांत आले; जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांसाठीं लागली. आज शेताच्या बांधावरील शेतकरी व्हाट्सअ‍ॅपच्या गटांत पिकावरील रोगाचें छायाचित्र टाकतो, आणि घटकेंत दहा उत्तरें येतात. १९५६ च्या कार्यवाहाला हें स्वप्नवत् वाटलें असतें.

परंतु दहा उत्तरांपैकीं खरें कोणतें, हें कोणी ठरवावयाचें? पुण्याच्या केंद्रामागें त्या त्या विषयाचा जाणता होता, आणि गांवच्या मंडळांत त्याचें म्हणणें पारखणारे अनुभवी शेतकरी होते. आजच्या गटांत पुढें ढकललेल्या मजकुराचा धनी बहुधा कोणीच नसतो. मुलांच्या बाबतींतहि तेंच. घरांत फोन एक आणि मुलें तीन, तर कोणाचा धडा बुडतो, हें सांगावयास नको. आणि फोन हातीं असला तरी चुकलेलें गणित ओळखून थांबविणारा शिक्षक त्यांत आपोआप येत नाहीं.

म्हणून नव्या साधनांना नांवें ठेवावीं, असा याचा अर्थ नव्हे. या जिल्ह्यानेंच १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा करून, अवघड यंत्रहि शेतकरी एकत्र येऊन चालवूं शकतो हें दाखविलें आहे. शिक्षणाच्या यंत्रासहि तोच न्याय लावावा. ग्रामपंचायतीनें, शाळेनें, वाचनालयानें आठवड्यांतून एक सायंकाळ राखावी. फोनवर आलेला एखादा धडा किंवा सल्ला सर्वांनीं मिळून ऐकावा, मग पडदा मिटून त्यावर बोलावें, आणि उरलेले प्रश्न जाणत्याकडे धाडून उत्तराचा पाठपुरावा करावा. खर्च तो किती? एक सतरंजी आणि एक तास. सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं आपल्याच गांवांनीं ही परीक्षा दिली होती, आणि ते उत्तम रीतीनें उतरले होते ते एकत्र बसल्यामुळें.