राग : अक्षरे तीच, अर्थ निराळे

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना भगवंतांनी राग, भय आणि क्रोध असे तीन शब्द वेगवेगळे योजले आहेत. मराठी श्रोता येथे अडखळतो. राग म्हणजेच क्रोध ना? मग एकच गोष्ट दोनदा कशासाठी?

भगवंतांच्या वाणीत पुनरुक्ती नाही. मूळ धातू 'रञ्ज्', म्हणजे रंगणे. वस्त्रावर चढतो तो राग. लालीलाही संस्कृतात राग म्हणतात. मन विषयात रंगते तोही राग, म्हणजे आसक्ती. गीतेत हाच अर्थ आहे. मतंगमुनींनी 'बृहद्देशी'त गायनातील रागाचे लक्षण सांगितले, तेही जनचित्ताच्या रंजनावरूनच.

पुढे हा शब्द प्रांतोप्रांती गेला. गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्याची मांडणी मुख्यतः गायनाच्या रागांनुसार आहे. आमच्या नामदेवरायांची ६१ पदे त्यात त्या त्या रागाखालीच आली आहेत. बंगालीत मात्र रोजच्या बोलण्यात राग म्हणजे मराठीसारखाच संताप. पण त्याच गौडीय परंपरेत रूप गोस्वामींनी १६व्या शतकात 'रागानुगा' भक्ती सांगितली, ती कृष्णावरील उत्कट प्रेमाच्या मागे जाणारी. अक्षरे तीच; घरात संताप, देवापुढे प्रेम.

हे दोन अर्थ एकमेकांचे वैरी दिसतात, पण तसे नाहीत. क्रोधाने डोळे लाल होतात, ती लाली शब्दात आधीच होती. शिवाय गीताच सांगते की विषयचिंतनातून संग, संगातून काम आणि कामातून क्रोध उपजतो. म्हणजे मराठीने फळाला मुळाचे नाव दिले!

म्हणून निरूपणकारांनी या शब्दापाशी थोडे थांबावे. 'राग सोडा' एवढेच सांगितले तर श्रोता भावाशी चाललेला तंटा मिटवील, पण ज्या बांधापायी तंटा झाला त्याची ओढ मनात तशीच राहील, आणि पुढच्या पेरणीला भांडण पुन्हा उगवेल. मूळ अर्थ कळला तर तो त्या ओढीकडे पाहील.

ती ओढ नुसती दडपून जात नाही. वारकऱ्याने तिला पंढरीची वाट दाखवावी. मन रंगणारच आहे. ते विठ्ठलाच्या रंगी रंगावे, एवढ्यासाठीच टाळ-मृदंगाचा हा खटाटोप.

रामकृष्णहरी.