उंच जागा, शांत जागा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी विहिरीच्या पाण्याची पातळी बिनतारी लहरींनी घरी कळवणारे चिमुकले यंत्र जोडले. पण दोन शेतांपलीकडे त्याची हाक पोहोचेना. ‘गुरुजी, जास्त ताकदीचं यंत्र आणू का?’ मुलांनी विचारले.

मी त्यांना मार्कोनीची गोष्ट सांगितली. १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर त्याने एरियलची तार चक्क पतंगाला बांधून आभाळात चढवली आणि अटलांटिकपलीकडची खूण ऐकल्याचे जगाला सांगितले. ऐकणाऱ्यालाही उंची लागते, हे त्या पतंगाने शिकवले.

दुसरा धडा आपल्याच मुलखातला. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेश सुरू झाले, तेव्हा बोलणारे केंद्र पुण्याजवळ दिघीला आणि ऐकणारे दूर दौंडला ठेवले. बोलणाऱ्याच्या गलक्यात दुरून आलेली क्षीण हाक बुडू नये, म्हणून ही ताटातूट! शिवाय लहरी दशदिशांना न उधळता एकाच दिशेला रोखल्या होत्या. त्यामुळे थोड्या शक्तीत काम भागले.

आमच्या जालन्याजवळ इंदेवाडीला केंद्र सरकारचे आंतरराष्ट्रीय उपग्रह निरीक्षण भू-केंद्र आहे. उपग्रहांच्या लहरी ऐकून कोणाच्या बोलण्यात कोण अडथळा आणतो, ते हुडकणे हे त्याचे काम. म्हणजे ऐकण्याची विद्या आमच्या वेशीपाशीच नांदते आहे.

परवान्याशिवाय वापरायच्या लहरींना कायद्याने शक्तीची मर्यादा घातली आहे. उंचीला मात्र निसर्गाचा उदार हिशेब लागू आहे. सपाट माळावर एरियल एक मीटर उंच असेल, तर लहरींचे क्षितिज सुमारे चार किलोमीटरांवर असते; नऊ मीटरांवर नेले, तर बारांवर. उंची नऊपट, पल्ला तिप्पट. वाटेतली झाडे-घरे त्यातून वजा करावी लागतात, एवढेच.

मुलांचे एरियल विहिरीच्या कठड्याच्या आत लोंबत होते. मातीच्या पोटातून हाक जाणार कशी? लांब तारेत शक्ती वाया जाते, म्हणून सबंध यंत्रच बांबूच्या टोकाला चढवले. फक्त पाणी मोजणारी तार खाली सोडली. घरचे यंत्र मोटारीच्या स्टार्टरपासून हलवून माळवदावर नेले.

त्या संध्याकाळी हाक पोहोचली. पहिली वार्ता होती : पाणी आणखी हातभर उतरले आहे. मुले हसली नाहीत. त्यांच्या वडिलांनी मात्र त्याच रात्री मोसंबीच्या पाण्याची पाळी नव्याने बांधली.