पगार ते पगार : सचिनच्या मराठी कुटुंबांचा किराणा आणि बचतीचा हिशेब

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबई–सुरत लोहमार्गावर सचिन हे स्थानक आहे. एके काळी सिद्दी नवाबांचे छोटे संस्थान असलेले हे गाव आज रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमाग आणि रसायनांचे कारखाने यांसाठी ओळखले जाते. २०२० साली त्याचा समावेश सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत झाला. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने सुरतेशी जोडल्या गेलेल्या धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या परिसरात पोटापाण्यासाठी येत आली आहेत. उधना, पांडेसरा, लिंबायत आणि सचिन येथील कामगार वस्त्यांत म्हणूनच अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते.

अशा कुटुंबाच्या मिळकतीतील मोठा हिस्सा खोलीचे भाडे, गावी पाठवायची रक्कम आणि अन्न यांवर खर्च होतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशातील शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा सरासरी ३९.६८ टक्के, तर ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात ४७.०४ टक्के होता. मिळकत जितकी कमी, तितका हा वाटा अधिक, हे अर्थशास्त्रातील जुने निरीक्षण आहे. भाडे आपल्या हाती नसते आणि गावी पाठवायची रक्कम टाळता येत नाही. नियोजनाला वाव उरतो तो किराण्यात. पोटाला चिमटा न घेता हा खर्च कसा आवरता येतो, याचा क्रमवार विचार येथे केला आहे.

उधारीची वही

कामगार वस्तीतील किराण्याचे दुकान हे गरिबाचे पतपेढीसारखे आधारस्थान असते. पगार हाती येईपर्यंत दुकानदार वहीवर माल देतो आणि अडल्या वेळी घर चालते. हे उपकार खरे असले, तरी त्यांची किंमतही असते. वहीवर माल घेणाऱ्याला दुकान बदलता येत नाही, भाव विचारता येत नाही आणि वजनाबद्दल शंका घेण्याचे धाडस होत नाही. दुसऱ्या दुकानी तांदूळ किलोमागे चार रुपयांनी स्वस्त असल्याचे कळूनही त्याचा उपयोग नसतो. म्हणून बचतीचा कोणताही मार्ग धरण्यापूर्वी पहिली पायरी उधारीतून बाहेर पडण्याची आहे.

एका पगारात हे क्वचितच साधते. सुलभ रीत अशी, की प्रथम तेल, डाळ आणि चहा-साखर या तीन गोष्टी रोखीने घ्याव्यात आणि बाकीचा माल काही काळ वहीवर राहू द्यावा. दर पगाराला जुन्या बाकीचा एक ठरावीक हप्ता फेडावा. घरीही स्वतंत्र वही ठेवून प्रत्येक नोंद त्याच दिवशी उतरवून घ्यावी. दोन्ही वह्या ताडून पाहण्याची सवय लागली, की हिशेबातील चुका आपोआप कमी होतात आणि दुकानदाराशी संबंधही निकोप राहतात.

घराला लागते किती?

बहुतेक घरांत संपले की आणायचे, असा क्रम असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे संसार करूनही महिन्याला नेमके किती लागते याचा अंदाज नसतो. दोन प्रौढ आणि दोन मुले असे घर गृहीत धरू. रोजचे धान्य सुमारे सव्वा किलो धरले, तर महिन्याला ३७ ते ३८ किलो होते. डाळी आणि कडधान्ये रोज २०० ग्रॅम धरल्यास ६ किलो लागतील. तेल माणशी रोज २० ते २५ ग्रॅम या हिशेबाने २.४ ते ३ किलो पुरते. माणशी ५ ग्रॅम ही मिठाची रोजची कमाल मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे. त्यानुसार चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरेसे आहे.

हे आकडे केवळ आरंभबिंदू आहेत. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला भाकरी अधिक लागते, लहान मुलाला कमी. दोन महिने प्रत्यक्ष नोंद ठेवली, म्हणजे आपल्या घराचा खरा आकडा हाती येतो. तेलाच्या बाबतीत ही नोंद डोळे उघडणारी ठरते. अनेक घरांत अंदाजापेक्षा बरेच अधिक तेल लागत असल्याचे तेव्हाच ध्यानात येते.

हक्काचे धान्य

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. वरच्या चौकोनी कुटुंबाला प्राधान्य शिधापत्रिकेवर २० किलो मिळतील, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून अधिक धान्यावर एक पैसाही खर्च होणार नाही. किराण्यातील याहून मोठी बचत दुसरी नाही.

तरीही शिधापत्रिका गावी असल्यामुळे अनेक स्थलांतरित कुटुंबे या हक्कावर पाणी सोडतात. वस्तुतः ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन राज्यजोड्यांत झाला, त्यांतील एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात हीच होती. १ जानेवारी २०२० पासून गोव्यासह बारा राज्ये तीत आली आणि पुढे ती देशभर लागू झाली. नंदुरबारच्या शिधापत्रिकेवर सचिनच्या रास्त भाव दुकानात धान्य मिळू शकते, तसेच बेळगावच्या शिधापत्रिकेवर गोव्यातही.

मात्र काही अटी लक्षात घ्याव्यात. शिधापत्रिकेशी आधार जोडलेले असावे आणि सदस्यांची ओळख-पडताळणी पूर्ण झालेली असावी. कुटुंबाचा काही वाटा गावी वृद्ध आईवडिलांनी आणि उरलेला शहरात मुलाने उचलला तरी चालते. एखादे राज्य स्वतःच्या तिजोरीतून डाळ, साखर वा मीठ देत असेल, तर तो लाभ परराज्यातील शिधापत्रिकेला मिळत नाही. ही सोय केवळ केंद्राच्या धान्यापुरती आहे.

महापालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना पहिली ते आठवीपर्यंत मिळणारे मध्यान्ह भोजनही घराच्या हिशेबात धरावे. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे.

सुटे, पाकीटबंद आणि मण

पाच-दहा रुपयांची पुडी परवडते असे वाटते, कारण त्या क्षणी खिशातून कमी पैसे जातात. समजा, १० रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम चहा आहे. म्हणजे किलोचा भाव ५०० रुपये झाला. त्याच चहाचे अर्ध्या किलोचे पाकीट २१० रुपयांना असेल, तर किलोचा भाव ४२० रुपये पडतो. ज्या घरात महिन्याला अर्धा किलो चहा लागतो, तेथे केवळ पुडीपायी ४० रुपये जादा जातात. चहा, मसाला, साबण आणि बिस्किटे यांचा मिळून हा आकडा मोठा होतो. तथापि मोठे पाकीट स्वस्तच असते असे मानू नये. शाम्पूसारख्या वस्तूंत छोटी पुडी कित्येकदा स्वस्त पडते. भाव काढल्यावाचून निर्णय घेऊ नये, एवढेच सूत्र.

भाव काढण्याचे काम कायद्याने सोपे केले आहे. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने प्रति ग्रॅम वा प्रति किलो किंमत वेष्टनावर छापणे आवश्यक ठरवले. त्याच दुरुस्तीने ठरावीक वजनाच्या पाकिटांचे बंधन काढून टाकले. त्यामुळे एक किलोच्या पाकिटाशेजारी ९०० वा ८५० ग्रॅमचे तसेच दिसणारे पाकीट असू शकते. तेलाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. तेव्हा लिटरचा भाव आणि किलोचा भाव यांची परस्पर तुलना करू नये.

जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सुट्या धान्यावर आणि २५ किलोहून मोठ्या पोत्यावर तो नाही. त्यामुळे तीन-चार घरांनी मिळून एक पोते घेणे आणि घरी वाटून घेणे हा मार्ग लाभदायक ठरतो. वस्त्यांमधील महिलांना भिशीची रीत चांगली परिचयाची असते. तीच रीत धान्यासाठी वापरता येईल. दर महिन्याला वर्गणी काढायची आणि आळीपाळीने एका घराने घाऊक बाजारातून सर्वांचे धान्य आणायचे.

गुजरातेत घाऊक भाव बहुधा मणावर सांगितला जातो आणि तेथील मण २० किलोचा असतो. महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या तोंडी असलेला मण ४० शेरांचा. नव्याने आलेल्या माणसाची येथे फसगत होऊ शकते. ६४० रुपये मण म्हणजे ३२ रुपये किलो, हे गणित पक्के असावे. तोलताना काटा शून्यावर असल्याची खात्री करावी. छापील कमाल किमतीहून अधिक पैसे मागितले गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

हंगाम आणि साठवण

शेतमालाचा भाव काढणीच्या वेळी साधारणतः उतरतो. गहू आणि हरभरा फाल्गुन-चैत्रात येतात, तूर पौष-माघात, भुईमूग दिवाळीच्या सुमारास. बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त असतो. उन्हाळी कांदा साठवणुकीतून बाजारात येत राहतो आणि साठे आटू लागले, की पावसाळा सरताना महागतो. लाल मिरचीसाठी तर नंदुरबारची बाजारपेठ महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. गावी फेरी होणारच असेल, तर उन्हाळ्याच्या आरंभी तेथूनच वर्षाची मिरची आणावी.

आगोठीपूर्वी साठवण करण्याची पद्धत आपल्या गोव्यातही आहे. मे अखेरीस मडगावात भरणारे पुरुमेंताचे फेस्त हा तिचाच उत्सव. खान्देशात त्याच दिवसांत ज्वारीचे बिबडे, मुगाच्या वड्या आणि शेवया घातल्या जातात. गुजराती घरांत वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळून कोठ्या भरतात. सचिनच्या एका खोलीत वर्षाचे धान्य मावणार नाही; परंतु तीन महिन्यांचे गहू-ज्वारी आणि वर्षाची मिरची-हळद मावते. धान्य कडक उन्हात वाळवावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच पत्र्याच्या कोठीत भरावे. गरम धान्य भरल्यास आत ओल धरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. किडीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र राहत्या खोलीत कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो.

साठवणीसाठी कर्जही काढू नये. शेकडा ३ रुपये मासिक व्याजाने पैसे घेऊन वर्षाचे धान्य भरले आणि ते कर्ज वर्षभरात हळूहळू फेडले, तरी व्याज सुमारे १८ ते २० टक्के होते. घाऊक खरेदीत किलोमागे १२ टक्के वाचले असले, तरी व्यवहार तोट्याचाच ठरतो.

आठवड्याचा बेत

बेत आधी ठरला, की भाजीबाजारात हात आवरता राहतो. खान्देशी स्वयंपाक या कामी अतिशय अनुकूल आहे, कारण त्यातील निम्मे पदार्थ कोठीतल्या धान्यावर होतात. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, डुबुकवडे, पातोड्या, पिठले, मठाची उसळ यांना महागडी भाजी लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस असे कोठीतले पदार्थ, तीन दिवस हंगामी भाजी आणि रविवारी वरण-बट्टी वा भरीत, असा क्रम ठेवला तर जुलैत टोमॅटो महागला तरी घराला झळ बसत नाही. कळण्याच्या भाकरीत पोषणाचेही शहाणपण आहे. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

कडधान्य रात्री भिजवावे. त्याने इंधन वाचते. उरलेल्या पोळीचा कुस्करा सकाळच्या न्याहारीला होतो. सुरतेच्या उकाड्यात उरलेला भात मात्र बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नये. पाळीवर जाणाऱ्याचा डबा हाही बेताचा भाग समजावा, कारण घरून डबा गेला नाही, की कारखान्याच्या फाटकाबाहेरील नाश्त्यावर एका वेळी जे खर्च होते, त्यात घरी चौघांची डाळ शिजते.

कात्री कोठे लावू नये

हातात पैसे कमी असले, की प्रथम मुलांचे दूध, डाळ आणि पालेभाजी कमी होते. आणि बहुधा घरातील स्त्री स्वतःचे ताट आखडते. ही बचत पुढे औषधपाण्यात दामदुपटीने फेडावी लागते. कात्री लावायचीच तर ती पुड्यांतील तळणावर, शीतपेयांवर आणि वाया जाणाऱ्या अन्नावर लावावी.

आरंभ पुढच्या पगारापासून करता येईल. पहिल्या महिन्यात फक्त नोंद ठेवावी आणि शिधापत्रिकेची स्थिती तपासावी. दुसऱ्या महिन्यात तीन वस्तू रोखीने घ्याव्यात, तिसऱ्यात शेजारच्या घरांसह एक पोते आणावे. वाचलेली रक्कम वेगळ्या डब्यात ठेवून तीतूनच उधारीचा हप्ता द्यावा. वहीवरची बाकी शून्य झाली, की त्याच डब्यातून पुढच्या हंगामाचे धान्य रोखीने भरता येईल.