धुराचा वायदा

२००७ साल संपत आले होते. युरोपच्या बाजारात एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याचा त्या वर्षीचा परवाना काही सेंटांना मिळत होता. पुढच्या वर्षीच्या परवान्याचा वायदा मात्र वीस युरोंच्या वर होता. वायू तोच, धुराडेही तेच. बदलणार होते ते फक्त भिंतीवरचे कॅलेंडर. हे असे का झाले, याचे उत्तर बाजारात कमी आणि सरकारी हिशेबाच्या वहीत जास्त सापडते.

प्रदूषणाच्या हक्काला मर्यादा घालावी आणि तो हक्क खरेदी-विक्रीला मोकळा ठेवावा, ही कल्पना टोरंटोचे अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी १९६८ साली पुस्तकरूपाने मांडली. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने ती वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुराला लावली. १ जानेवारी २००५ पासून युरोपीय संघाने ती कार्बनसाठी स्वीकारली. वीजकेंद्रे, पोलाद, सिमेंट, कागद असे दहा हजारांहून अधिक प्रकल्प तिच्या कक्षेत आले. वर्षभरात जितके टन सोडले तितके परवाने पुढच्या एप्रिलअखेर जमा करायचे. कमी पडले तर टनामागे ४० युरो दंड, आणि तुटीचे परवाने भरायचे ते वेगळेच.

बहुतेक परवाने फुकट वाटले गेले. किती वाटायचे हे ठरवताना सरकारांपुढे तपासून घेतलेले आकडे फारसे नव्हते. भिस्त होती ती कारखान्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवर. मागणाऱ्याने हात सैल सोडून मागावे, हे ओघानेच आले.

तरीही सुरुवातीला भाव चढला. वीज कंपन्या आपली वीज एक-दोन वर्षे आधीच विकून ठेवतात. विकलेल्या विजेचा दर ठरला, की तिला लागणारा कोळसा आणि परवाने त्याच वेळी वायद्याने घेऊन टाकायचे, म्हणजे नफ्याचा आकडा पक्का होतो. जोखीम बांधून घेण्याची ही साधी रीत. त्यातच नैसर्गिक वायू महागला, म्हणून कंपन्या कोळशाकडे वळल्या. आणि तेवढ्याच विजेसाठी कोळसा साधारण दुप्पट कार्बन सोडतो. घेणारे असे तत्पर. ज्यांच्याकडे परवाने शिल्लक होते ते लहानमोठे कारखाने मात्र ते कपाटात ठेवून स्वस्थ बसले. त्यांना व्यापाराची सवयच नव्हती. (फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत वीज कंपन्यांनी गिऱ्हाइकांच्या दरात धरली, हे जाता जाता नोंदवायला हवे. अर्थशास्त्र त्याला चूक म्हणत नाही. बिल भरणारे काय म्हणाले असतील ते वेगळे.)

एप्रिल २००६ मध्ये भाव तीस युरोंच्या घरात होता. तपासलेल्या उत्सर्जनाचा पहिला हिशेब १५ मे रोजी एकत्र जाहीर व्हायचा होता. पण महिनाअखेरीस एकेका देशाचे आकडे आधीच बाहेर येऊ लागले. नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक, फ्रान्स, सगळीकडे परवाने शिल्लक! काही दिवसांत भाव निम्म्यावर आला. एकूण शिल्लक होती अवघी चार टक्क्यांच्या आसपास. पण टंचाई नाही एवढे कळणे पुरेसे होते. त्यात पहिल्या टप्प्यातले परवाने २००८ मध्ये नेण्याची मुभा नव्हती, म्हणून २००७ संपता संपता ते रद्दीच्या मोलाचे झाले.

याच सुमारास या बाजाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आला होता. क्योटो करारानुसार विकसनशील देशांत वाचवलेल्या टनांची प्रमाणपत्रे युरोपातले उद्योग ठरावीक मर्यादेत वापरू शकत. आपल्याकडच्या पवनचक्क्या आणि बगॅसवर वीज करणारे साखर कारखाने त्या वाटेला लागले, आणि जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या एमसीएक्सने या प्रमाणपत्रांचे वायदेही सुरू केले. त्या वर्षी त्यांचा भाव वीस युरोंच्या पुढे गेला होता. मग मंदीने युरोपचे कारखाने थंडावले, ब्रसेल्सने बाहेरच्या प्रमाणपत्रांवर निर्बंध आणले, आणि २०१२ अखेर भाव एका युरोखाली गेला. ज्यांनी आधीच ठरावीक दराचा करार केला होता त्यांच्या हाती निदान तो कागद होता.

युरोपने तोवर एक दुरुस्ती केली होती. २००८ पासूनचे परवाने पुढच्या टप्प्यात नेता येऊ लागले. त्यामुळे ते मेले नाहीत, साचले. २०१३ मध्ये ही शिल्लक दोनशे कोटींच्या घरात गेली आणि एप्रिलमध्ये भाव तीन युरोंच्याही खाली आला. जादा परवाने आपोआप बाजूला काढणारा राखीव साठा सुरू व्हायला जानेवारी २०१९ उजाडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाचा भाव प्रथमच शंभर युरोंवर गेला.